मानवेलाचे बारा जुळते बाण : कामाच्या नोंदी

२८ नोव्हेंबर २०२४

नागपूर जिल्ह्यातल्या एका शेताच्या बांधावरची मानवेलाची (जवळजवळ भरीव बांबूची) दोन बेटं. कार्तिक वद्य संपत आलेलं. ६४ काठ्या काढल्या, प्रत्येकी ११० सेंमी. २०१७ च्या दुरुस्तीनंतर जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे इथे शेतमालकाचा होकार पुरतो. जंगलातल्या बेटाला हात लावायचा नाही.

हे बाण धामणीच्या सलग लाकडाच्या धनुष्यासाठी आहेत. लांबी १६८ सेंमी, २७ इंच ओढीला ४२ पौंड, मुठीची रुंदी ३० मिमी. बाण टेकायला मुठीत कापलेली जागा नाही, तो थेट हातावर टेकतो. सुटल्यावर बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं, म्हणून तो धनुष्याच्या पौंडांपेक्षा थोडा मऊ हवा. ठरवलेलं माप: स्पाइन (बाणाचा ताठपणा) ३६ ते ४० पौंड, लोखंडी टोकाच्या बुडापर्यंत लांबी ७२४ मिमी, संख्या १२.

परदेशी माहितीत 'केन' असा शब्द दिसतो आणि आपल्याकडे कुणी त्यासाठी वेत आणतं. वेत चालत नाही. तो लवतो पण झटकन सरळ होत नाही, आणि वाकवला तर वाकलेलाच राहतो. तिथे 'केन' म्हणजे बारीक, पोकळ बांबू: चीनमधला टोन्किन, जपानमधला यादाके, अमेरिकेतला नदीकाठचा बांबू. त्यांच्या गाठी बसक्या असतात. मानवेलाच्या गाठी फुगीर आणि काठी जवळजवळ भरीव. गाठींवर काम जास्त पडतं, पण भरीव असल्यामुळे टोकाशी आत लाकडी खुंटी घालावी लागत नाही आणि मागच्या, धनुष्याची दोरी बसते त्या खाचेशी चिरण्याचा धोकाही कमी होतो.

काठ्या निवडताना: कोरड्या, मुरमाड बाजूच्या बारीक काठ्या आणि जुन्या वाशांच्या लांब सरळ फांद्या. ओल्या असताना बुडाशी ९ ते १० मिमी. पहिल्या वर्षाची काठी घ्यायची नाही; तिच्यावर पांढुरकी भुकटी असते, आवरणं चिकटलेली असतात आणि नखाने दाबली तर साल मऊ लागते. वाळल्यावर ती सुरकुतते. दोन-तीन वर्षांच्या काठीचा हिरवा रंग मळकट झालेला असतो आणि कोयत्याच्या पाठीने ठोकल्यावर आवाज कडक येतो.

२९ नोव्हेंबर

सगळ्या काठ्या सिमेंटच्या टाक्यात बुडवल्या, वर दगड. दर तीन दिवसांनी पाणी बदलायचं. बांबूतला गोड अंश निघून गेला की भुंगा कमी लागतो. पाण्याला वास सुटतो, त्याला इलाज नाही.

१५ डिसेंबर

पाण्यातून काढल्या. आठ-आठच्या जुड्या करून, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी लोखंडी अँगलला घट्ट आवळून सावलीत आडव्या ठेवल्या. उन्हात ठेवल्या तर साल आधी आकसते आणि आतला भाग मागे राहतो. मग चीर उभी जाते. दर आठवड्याला पाच खुणेच्या काठ्यांचं वजन करायचं. दोन आठवडे सलग आकडा हलला नाही की वाळली समजायची.

९ फेब्रुवारी २०२५

२६ जानेवारीपासून वजन स्थिर. जुड्या सोडल्या.

चार काठ्यांना उभी चीर. तीनांमध्ये सुईएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुगा. या तीन लगेच जाळल्या, कारण भुंगा शेजारच्या काठीत जायला वेळ लावत नाही. उरल्या ५७.

व्यास सरासरी अर्धा मिलिमीटरने उतरला.

१२ ते १९ फेब्रुवारी

सरळ करणं. या कामात सर्वांत जास्त वेळ इथे जातो आणि काठ्याही इथेच जास्त मोडतात.

शेगडीवर लाकडी कोळसा, निखारे राखेने अर्धे झाकलेले. ज्वाळा नको. काठी निखाऱ्यांपासून दहा-बारा सेंमीवर गोल फिरवत धरायची. साल चकाकायला लागली आणि काठी हातात 'सैल' झाली की ती वेळ. मग बाकाच्या विरुद्ध बाजूला, सरळ रेषेच्या किंचित पुढपर्यंत वाकवायची आणि गालाला लावून सोसवेल इतकी थंड होईपर्यंत तशीच धरायची. गरम असताना सोडली तर दहा मिनिटांत परत येते. घाईत सोडलेल्या जवळपास सगळ्या दुसऱ्यांदा कराव्या लागल्या.

आधी दोन गाठींमधलं कांडं, मग गाठ. उलट केलं तर गाठीत केलेली दुरुस्ती कांड्याच्या बाकामुळे खोटी ठरते. गाठ ताठ असते, तिला जास्त उष्णता लागते आणि ती वाकत नाही, मोडते. त्यासाठी बाभळीच्या ठोकळ्यात तिरकी, १० मिमी रुंद खोबण कापून घेतली. काठी त्या खोबणीत अडकवून गाठीच्या अगदी जवळ जोर देता येतो. नुसत्या हाताने दिलेला जोर नेहमी कांड्यावर जातो.

गाठीत मोडलेल्या पाच. चार वेळा कारण एकच दिसलं: उष्णता एकाच बाजूने लागली, दुसरी बाजू थंड राहिली. पाचवी आधीच किडलेली होती, बाहेरून दिसलं नाही. आणखी तीन काळ्या पडल्या. काळी पडलेली जागा ठिसूळ होते, ती काठी बाद. उरल्या ४९.

पूर्ण सरळ हा हट्ट धरू नये. बोटांच्या नखांवर काठी फिरवली आणि मध्यभागी एक मिलिमीटरपेक्षा कमी हालचाल दिसली तर पुरे. गाठीशी थोडा नागमोडीपणा राहतो, पण दोन्ही टोकं आणि मध्य एका रेषेत असले तर बाण सरळ जातो. टोकाकडची शेवटची पंधरा सेंमी मात्र चोख सरळ हवीत.

गाठींचा उंचवटा कानशीने उतरवला, शेजारच्या सालीला धक्का न लावता. गाठ कांड्याच्या पातळीच्या खाली गेली की तिथले तंतू तुटले. असा बाण कधीतरी धनुष्यावरच मोडतो.

२३ फेब्रुवारी

शेकणं. त्याच शेगडीवर, पण १५ सेंमी उंच आणि सतत पुढे-मागे, गोल. गव्हाळ रंग आला की थांबायचं. याने काठीतलं उरलेलं पाणी जातं, ती ताठ होते आणि केलेली सरळ टिकते. प्रत्येक काठीला सहा-सात मिनिटं लागली.

लगेच मोजायचं नाही. शेकलेली काठी हवेतलं पाणी थोडं परत घेते. दोन दिवस उघड्यावर ठेवल्या.

२६ फेब्रुवारी

स्पाइन मोजायची पट्टी तयार केली. फळीवर दोन टेकू, त्यांच्यातलं अंतर २६ इंच म्हणजे ६६० मिमी. टेकूंवर छोटी बेअरिंग बसवली, म्हणजे काठी अडकत नाही. मधोमध टांगायचं वजन २ पौंड, ९०७ ग्रॅम. बाटलीत वाळू भरून, आकडा आणि दोरीसकट तोलून केलं. काठी किती खाली झुकली ते डायल गेजवर वाचायचं.

लाकडी बाणांच्या जुन्या पद्धतीत २६ ला इंचातल्या वाकाने भागतात. मिलिमीटरमध्ये तेच गणित ६६० भागिले वाक:

१८.३ मिमी – ३६ पौंड
१७.४ मिमी – ३८ पौंड
१६.५ मिमी – ४० पौंड
१३.२ मिमी – ५० पौंड

कार्बनच्या बाणांचे आकडे २८ इंच अंतर आणि ८८० ग्रॅम वजनावरचे असतात. ते या आकड्यांशी ताडून बघू नयेत.

मोजण्याआधी प्रत्येक काठी ७४० मिमीला कापली. कुठून कापायची हे गाठ ठरवते. बारीक टोक मागे, जाड टोक पुढे. आणि खाचेच्या तळाखाली १२ ते १५ मिमीवर एक गाठ आलीच पाहिजे. चिल्ल्याचा (दोरीचा) दाब खाचेत येतो आणि चीर तिथूनच सुरू होते. गाठ ती चीर अडवते.

प्रत्येक काठी दोन दिशांनी मोजली. बांबूचे डोळे (फुटव्याच्या जागा) एका गाठीवर एका बाजूला, पुढच्या गाठीवर विरुद्ध बाजूला येतात, म्हणजे सगळे एकाच पातळीत असतात. त्या पातळीत एकदा, तिला काटकोनात एकदा. दोन आकड्यांत २ ते ७ पौंडांचा फरक निघाला. जास्त ताठ बाजूवर पेन्सिलीने रेघ मारली. बाण लावताना ही रेघ धनुष्याच्या मुठीकडे येणार, कारण बाण त्याच पातळीत लवतो. जुळवणी ताठ बाजूच्या आकड्यावर. सरासरी काढू नये. धनुष्याला सरासरी कळत नाही.

४९ काठ्यांचा हिशोब: ३४ पौंडांखाली ९, ३४ ते ४३ मध्ये २६, त्यावर १४. टोकाचे आकडे २७ आणि ५८. त्याच दोन बेटांतल्या, डोळ्याला सारख्या दिसणाऱ्या काठ्यांत इतका फरक असतो. १२ बाणांसाठी १२ किंवा २० काठ्या तोडून चालत नाही ते याच कारणाने. ताठ १४ वेगळ्या बांधून ठेवल्या, पुढे ५० पौंडांच्या धनुष्याला होतील.

१ मार्च

२६ मधून दोन दिशांत ५ पौंडांहून जास्त फरक असलेल्या ४ काढल्या. गाठींच्या जागा बाकीच्यांशी ३ सेंमीच्या आत न जुळणाऱ्या आणखी ३ काढल्या. गाठ जड असते आणि ती जिथे असते तिथे काठी कमी लवते; गाठी वेगवेगळ्या ठिकाणी असलेले दोन बाण पट्टीवर सारखे दिसतात आणि हवेत वेगळे वागतात. उरल्या १९.

वजन: २४.१ ते ३०.६ ग्रॅम. त्यातल्या २५.६ ते २८.२ मधल्या १४ घेतल्या.

जुळवणीचा क्रम आधी ताठपणा, मग गाठी, मग वजन असाच ठेवावा. वजन पुढे टोकाने सावरता येतं. ताठपणा फक्त कमी करता येतो, वाढवता येत नाही. गाठीच्या बाबतीत तर काहीच करता येत नाही. रंग आणि जाडीचा देखणेपणा शेवटी, आणि त्यासाठी चांगली काठी टाकायची नाही.

८ मार्च

१४ पैकी ९ जागेवरच होत्या. ५ काठ्या ४०.५ ते ४३ पौंडांच्या, त्या उतरवायच्या.

इथे गणित लक्षात ठेवावं. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातावर चालतो. ८ मिमीच्या काठीवरून व्यासात ०.१ मिमी गेला की ताठपणा पाच टक्के जातो, म्हणजे ४० चे ३८. बांबूत तर सगळ्यात दाट तंतू सालीलगत असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडं जास्तच जातं. वजन मात्र अर्धा ग्रॅमही हलत नाही. म्हणून रंधा नाही, कानस नाही. काचेच्या तुकड्याची धार, मधल्या ४० सेंमीवर, चारही बाजूंनी सारखे दहा ओढे, मग पट्टीवर. परत दहा. शेवटी २२० चा काचकागद.

एक काठी ४१ वरून ३४.५ वर गेली. ८० चा काचकागद ड्रिलवर फिरवून केलेला प्रयोग. अर्ध्या मिनिटात साल संपली. बाद. उरल्या १३, सगळ्या ३६ ते ४० मध्ये.

१३ मार्च

खाच. चिल्ला १४ पदरी डेक्रॉनचा, गुंडाळीसकट जाडी सुमारे ३ मिमी. तीन हॅक्सॉ ब्लेड एकत्र चिकटपट्टीने बांधून कापलं की खाच जवळपास तेवढीच येते. खोली ८ मिमी, तळ गोल कानशीने गोल केला. चौकोनी तळाच्या कोपऱ्यातून चीर निघते.

खाचेची दिशा: बाण लावलेला असताना चिल्ला उभा आणि पेन्सिलीची रेघ मुठीकडे, म्हणजे खाच रेघेला काटकोनात. कापण्याआधी प्रत्येक काठी धनुष्याला लावून पाहावी.

खाचेखाली १५ मिमी साध्या सद्दीचे (पतंगाच्या दोऱ्याचे) पदर एकमेकाला चिकटून गुंडाळले, वर पातळ अराल्डाइट. गाठ आहे म्हणून गुंडाळी टाळू नये. गाठ गेलेली चीर थांबवते, गुंडाळी ती सुरूच होऊ देत नाही.

खाच पकडून काठी दुसऱ्या टोकाला कापली, ७२४ मिमी अधिक टोकात जाणारे १५ मिमी.

१५ मार्च

टोकं. लेथवर १० मिमी लोखंडी सळईतून काढून घेतली: बाहेरून ८.५ मिमी, लांबी ३२ मिमी, आत १५ मिमी खोल निमुळतं भोक, तोंडाशी ७ आणि तळाशी ४ मिमी. वजन साधारण ८.४ ग्रॅम. चार टोकांचं भोक थोडं खोल करून ती ७.९ पर्यंत आणली, म्हणजे जड काठीला हलकं टोक देता येतं. पण टोक जड झालं की बाण मऊ वागतो, त्यामुळे जड टोक हलक्या पण ताठ काठीलाच. अशा जोड्या कागदावर मांडून मगच चिकटवलं.

काठीचं टोक निमुळतं करताना ते मधोमध येणं महत्त्वाचं. काठी फिरवत काचकागदाच्या चकतीवर, लाकडी ठोकळ्याच्या आधाराने. टोक बसवून नखांवर फिरवलं की तिरपेपणा लगेच दिसतो.

चिकटवायला लाख. टोक गरम करून आत लाख वितळवायची आणि काठी फिरवत दाबायची. पुढे तिरपं वाटलं तर परत गरम करून काढता येतं. एपॉक्सीने ही सोय जाते.

१६ मार्च

पिसांशिवाय चाचणी. १० मीटरवरून गवताच्या जाड भाऱ्यावर. उजव्या हाताने ओढणाऱ्यासाठी: पीस नसलेला बाण डावीकडे गेला तर ताठ, उजवीकडे गेला तर मऊ. पण आधी मुठीच्या बाजूला टाल्कम पावडर लावायची. बाणाची शेपटी मुठीला घासली तर तिथे रेघ उठते, आणि तशी रेघ असेल तर डाव्या-उजव्याचा निष्कर्ष खोटा असतो.

क्रमांक १३ (३८ पौंड) हातभर डावीकडे, पावडर स्वच्छ. म्हणजे ताठ. क्रमांक ५ (३६.५) वीतभर डावीकडे. थोडाफार फरक पिसं सांभाळतील, पण त्यांनी मागचं वजन वाढून बाण आणखी थोडा ताठच वागेल, म्हणून ३७.५ च्या वरच्यांची मधली साल आणखी काढून सगळे ३६ ते ३७.५ मध्ये आणले. लांबी वाढवूनही बाण मऊ होतो, पण कापलेली काठी वाढत नाही. पुढच्या वेळी १५ मिमी जास्त ठेवून चाचणी करायची आणि मग कापायचं. बाण एक इंच कमी केला की तो अंदाजे ५ पौंडांनी ताठ वागतो, मोजपट्टीवर आकडा तोच दिसतो तरी.

२२ मार्च

लाखेचं स्पिरिट पॉलिश, अर्धा लिटर स्पिरिटात १०० ग्रॅम लाख. पातळ तीन हात, प्रत्येकानंतर ०००० ची स्टील वूल. पिसांच्या जागेवर लावलं नाही, म्हणजे गोंद धरतो.

२९ मार्च

पिसं टर्कीच्या पंखांची, पालन करणाऱ्यांकडून. मोराच्या पिसाऱ्यातली पिसं या कामाची नाहीत, बाणाला पंखातली कडक पिसं लागतात. आणि १९७२ च्या कायद्यात मोर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याच्या पंखाकडे बघूच नये.

बाणाला तीन पिसं, १०० मिमी लांब, १५ मिमी उंच. सगळ्या बाणांची सगळी पिसं डाव्याच पंखाची. डाव्या-उजव्या पंखांची पिसं मिसळली तर फिरकी एकमेकीला मारते. पिसाची दांडी मधून चिरून काचकागदावर अर्ध्या मिलिमीटरपर्यंत पातळ केली. खाचेपासून २५ मिमी सोडून, लांबीभर २ मिमी तिरकं. फेविकॉल, वरून दोन्ही टोकांना सद्दी.

पुढच्या टोकाची गुंडाळी दाट आणि गुळगुळीत हवी. बाण हातावरून जातो. दांडीचं टोक उघडं राहिलं तर ते अंगठ्याच्या बुडाशी घुसतं.

पूर्ण बाण: ३६.९ ते ३८.१ ग्रॅम. तोल खाचेपासून ४३५ ते ४४१ मिमीवर, म्हणजे मध्यापेक्षा साधारण दहा-अकरा टक्के पुढे. वजन जड बाजूला आहे. लाकडी धनुष्याला ते मानवतं, कारण हलका बाण सोडल्यावर उरलेली ताकद धनुष्याच्या पोटात जाते.

१२ एप्रिल

सोडण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही हातांत धरून चारही बाजूंनी वाकवला आणि कानाजवळ नेला. टिक् असा आवाज आला तर तो बाण तिथेच मोडून टाकायचा. तडा गेलेला बाण सुटताना फुटतो आणि त्याचा मागचा अर्धा भाग धनुष्य धरलेल्या हातात शिरतो.

२० मीटर, १२ बाण, सहा फेऱ्या, प्रत्येक बाणाची जागा कागदावर. अकरा बाण एका ताटाएवढ्या जागेत. क्रमांक ७ सहाही वेळा वेगळा, डावीकडे. परत पट्टीवर: खाच चुकीच्या पातळीत कापली गेली होती. मुठीकडे येणाऱ्या रेघेवर ३७ धरले होते, पण ती बाजू खरी ४१ ची निघाली, ३७ दुसऱ्या बाजूचे. २६ फेब्रुवारीला रेघ मारताना दोन आकडे उलटे लिहिले गेले. खाच फिरवायची तर १५ मिमी कापावं लागेल आणि खालची गाठ हातची जाईल. त्याच्या जागी १३ ला पिसं लावून घेतला. ७ ची पिसं काढून तो पुढच्या चाचण्यांसाठी ठेवला.

२० जुलै

पावसाचे पाच आठवडे, बाण पडवीत टांगलेले. परत मोजले. वजन प्रत्येकी ०.६ ते ०.९ ग्रॅम वाढलेलं, स्पाइन २ ते ३ पौंडांनी उतरलेली. सगळे जवळपास सारखेच उतरलेत म्हणून संच जुळता राहिला आहे, फक्त २० मीटरवर सगळे वीतभर उजवीकडे पडतात.

क्रमांक ४ वेगळा: १.६ ग्रॅमची वाढ, ५ पौंडांची उतार. पिसांखालच्या जागेला पॉलिश नव्हतं, आणि याची सद्दीही एका टोकाला सुटलेली. तिथून आणि खाचेच्या उघड्या काप्यातून पाणी शिरलं. आता सगळ्या बाणांच्या खाचेत आणि पिसांच्या मधल्या पट्ट्यांवर बारीक ब्रशने पातळ पॉलिशचे दोन हात द्यायचे. त्याआधी बाण झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत आठ दिवस. ओल्या काठीवर पॉलिश दिलं तर पाणी आतच अडकतं.

२८ जुलै

क्रमांक ४: वजन ३७.६ ग्रॅम, स्पाइन ३६.५. संचात परत घेतला.